पाणथळ रानासाठी चिखलगाडी : कामाच्या नोंदी

पलूस तालुक्यात कृष्णेच्या अंगाला आमचं पावणेतीन एकर रान आहे. आजोबांच्या वेळी तिथं ऊस व्हायचा. पाणी पाजून पाजून रान क्षारपड झालं, मीठ वर आलं. आता पॅरा गवताशिवाय तिथं काही येत नाही. गवत मात्र दणकून येतं, चार म्हशींना पुरून उरतं. पण जूनपासून दिवाळीपर्यंत रानात गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर बांधापर्यंतच येतो. बांधापासून आत चारशे मीटर आई आणि वहिनी ओले भारे डोक्यावर घेऊन ये-जा करतात. ओला भारा तीस-पस्तीस किलोला मागं नसतो.

जमिनीखाली निचऱ्याच्या सच्छिद्र पाईपा घालून रान सुधारता येतं, पण पाणी ओढ्याला काढून द्यायला खालच्या चौघांच्या रानातून वाट लागते. त्या चौघांचं एकमत व्हायला बघायचं म्हणजे माझी नोकरी संपेल. शेजारी म्हणाले, ट्रॅक्टरला केज व्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लाव. ते भाताच्या खाचरात ठीक, कारण तिथं खाली पाय ठरतो. आमच्या रानात पहार हातानं दाबली तर साडेतीन फूट आत जाते.

म्हणून गाडी. मी फिटर, एमआयडीसीत शिफ्ट करतो. काम संध्याकाळी आणि सुट्टीला. माझे पैसे आणि दिवस कुठं बुडाले ते लिहून ठेवतोय, पुढं कुणी हे करणार असेल तर त्याचे तिथंच बुडू नयेत.

१७ मार्च

मिरजेहून भंगारातली तीन गिअरची जुनी फोर बाय फोर जीप आणली, ३८,००० रुपये. बॉडी म्हणजे नुसता गंज, इंजिन जाम. पण पुढचा-मागचा डिफरन्स (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा भाग), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर देणारा जोडडबा, त्यातच जादा जोराचा लो गिअर) शाबूत. मला एवढंच पाहिजे होतं. भंगारवाला आधी पन्नास म्हणत होता. पुढच्या चाकाच्या गोळ्यातून (चाक वळतं त्या सांध्यातून) ऑइल गळताना दाखवलं तेव्हा खाली आला. तीच गळती पुढं मला किती छळणार हे तेव्हा कळलं असतं तर आणखी पाच हजार कमी केले असते.

ही गाडी रस्त्यावर काढायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं. असल्या गाडीला पासिंग मिळत नाही आणि मागायचंही नाही. घर ते रान ट्रॉलीवर घालून.

२४ मार्च

गिअरचे रेशो काढले. पुस्तक नाही, खडू आहे. एका टोकाला खडूची रेघ मारायची, दुसरं टोक हातानं फिरवायचं आणि फेऱ्या मोजायच्या. जीपच्या डब्याचा, म्हणजे गिअरबॉक्सचा, एक नंबर २.८ च्या आसपास, ट्रान्सफर लोला अडीचला किंचित कमी, डिफरन्स सव्वापाचच्या पुढं. भाची मोजत होती. तिच्या हिशेबात अर्धी फेरी कायम जास्त यायची, म्हणून सगळं तीनदा मोजलं.

६ एप्रिल

इंजिन कुठलं घालायचं यात दोन आठवडे गेले. मिस्त्री म्हणत होते डिझेल घाल, ताकद पाहिजे. जीपचं जुनं डिझेल इंजिन दोघांनी उचलायचं म्हणजे कंबर गेली. मी ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन घेतलं, सोबत तिचाच चार गिअरचा डबा, दोन्हीचे मिळून १४,०००. ओम्नीचं इंजिन गाडीत उभं बसतं, शाफ्ट मागच्या चाकांकडं सरळ जातो, त्यामुळं मागं जीपचा डबा जोडणं सोपं.

जीपचा ट्रान्सफर तिच्या गिअरबॉक्सच्या पाठीलाच बसलेला असतो, वेगळा काढून वापरता येत नाही. म्हणजे जीपचा डबा ठेवावाच लागला. झाले एकामागं एक दोन गिअरबॉक्स. आधी वाटलं फुकटचं ओझं. नंतर तोच कामाला आला, आणि त्यानंच एक्सलही तोडला.

१० मे

महिना नुसता चाकांत गेला. टायर मिनी ट्रॅक्टरचे, ८.३-२४, जुने पण नक्षी निम्म्यावर शिल्लक असलेले, चार मिळून १४,०००. उंची साधारण एक मीटर. रुंद टायर का नाही, असं तिघांनी विचारलं. रुंद टायर जड, महाग, आणि जीपच्या स्टेअरिंगला घासतो. उंच टायरचा माग लांब पडतो आणि डिफरन्स चिखलाच्या वर राहतो. गाडीचा सगळ्यात खालचा भाग डिफरन्स, तो टेकला की गाडी नांगर होते.

डिस्क ट्रॅक्टरच्या (चार मिळून ६,०००) आणि मधला भाग जीपचा, पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या गोलावर. जीपच्या डिस्कचा मधला भाग कापून ट्रॅक्टरच्या रिममध्ये वेल्ड करायचा. पहिली दोन चाकं मी अंगणात दोरी लावून मापून वेल्ड केली. फिरवून बघितली तर पाऊण इंच डगमग. वेल्डिंग एका बाजूनं सलग मारलं की तापलेलं लोखंड ओढलं जातं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाई झाली. दोन्ही कापली, लेथवाल्याकडं नेली. त्यानं आधी आठ ठिकाणी टाके, मग समोरासमोर एक-एक इंच असं वेल्डिंग करून घेतलं. डगमग दोन सुतावर आली. चालतंय. वेळ गेला नऊ दिवस, लेथचे पैसे ७,२००.

२६ मे

सांगाडा झाला. ७५ चं सी-चॅनेल घेतलं आणि चुकलो, पण ते पुढं येईल. मागचा डिफरन्स आतून वेल्ड करून टाकला, म्हणजे एक चाक हवेत गरगरलं तरी दुसरं ढकलतं. पाटे जीपचेच, प्रत्येकी तीन पाती काढून.

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा तात्या खुर्ची घेऊन बसले होते. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आवाज रिक्षाचा, अन् रूप रणगाड्याचं."

९ जून

पहिला पाऊस होऊन चार दिवस झाले होते. गाडी ट्रॉलीवरून उतरवली, बांध ओलांडला आणि अकरा मीटरवर बसली. टेपनं मोजले, अकरा.

दोन कारणं. पहिलं माझ्या बावळटपणाचं. डाव्या बाजूचे दोन्ही टायर उलटे घातले होते. ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी व्हीसारखी असते. मागं उभं राहून बघितलं तर टायरच्या माथ्यावर व्हीचं टोक पुढं पाहिजे. मग टोक आधी जमिनीला लागतं आणि चिखल दोन्ही कडेला फेकला जातो. उलटं घातलं की चिखल मध्ये गोळा होतो, आणि आमची काळी माती एकदा खाचेत बसली की खुरपं लावूनच निघते. दोन चाकांचे गुळगुळीत लाडू झाले होते.

दुसरं कारण वजन. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं बांधावरून ओढून काढली (डिझेल मी घातलं), आणि तसाच ट्रॉलीसकट काट्यावर गेलो. ट्रॉली वजा जाता १,१८० किलो. मी नऊशे धरून चाललो होतो.

१६ जून

हिशेब मांडला. एका टायरचा माग २१ सेंटिमीटर रुंद, ३५ लांब, म्हणजे ७३५ चौरस सेंटिमीटर. चार चाकांचे २,९४०. त्यावर १,१८० किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४०० ग्रॅम. मी एका पायावर उभा राहिलो तर साधारण तेवढाच भार पडतो, आणि एका पायावर उभा राहिलो की मी त्या रानात नडगीपर्यंत जातो. गाडी बसणारच होती. कागदावर हे मार्चमध्येच करता आलं असतं.

म्हटलं, म्हशीचा भार तर याच्या दुप्पट-तिप्पट असेल, ती कशी चालते? तात्या म्हणाले, "आरं, तिचा पाय बघ की." ओढ्याकाठी बसून बघितलं. खूर टेकताना फाकतो, चिखल दोन्हींच्या मधून वर येतो. पाय उचलताना खूर मिटतो, निमुळता होतो आणि 'पच्च' करून सुटतो. ती रुतत नाही असं नाही, पोटऱ्यापर्यंत रुतते. पण रुतलेला पाय तिला काढता येतो. चाकाला ते जमत नाही, ते आपलाच खड्डा खोल करत बसतं. म्हणजे गाडी रुतूच द्यायची नाही, दुसरा इलाज नाही.

२३ जून

वजन काढलं. सी-चॅनेलचा मागचा अर्धा सांगाडा कापून दीड इंची पाईपचा केला. पुढचा बंपर, बॉनेट, पत्र्याचा तळ, सुटं चाक ठेवायचा स्टँड, सगळं गेलं. डिझेल गाडीची मोठी बॅटरी बसवली होती (का, ते आता आठवत नाही), तिथं ओम्नीची छोटी. बसायला जिममधला जुना बाक. परत काटा : ९४० किलो. काट्यावरचा माणूस म्हणाला, ऊस कधी आणणार.

नवीन आणलेल्या चॅनेलचे साडेचार हजार भंगारात दीड हजाराला गेले.

३० जून

हवा. ट्रॅक्टरवाले पंधरा-वीस पौंड ठेवतात. मी दहा केली, मग आठ, मग पाच. पाचला टायरचा माग ३५ वरून ४५ सेंटिमीटर लांब झाला आणि भार अडीचशे ग्रॅमवर आला. गाडी साठ मीटर गेली. परतताना पुढच्या उजव्या चाकातून 'फुस्स'. रिम टायरच्या आत फिरली होती आणि ट्यूबची नळी मुळातून कापली गेली होती. चिखलात चाक काढून ट्यूब बदलायला तीन तास लागले. जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. जॅकखाली फळी घातली, फळी गेली. शेवटी जुना दरवाजा घातला.

उपाय : हवा आठ पौंड, त्याच्या खाली नाही. आणि टायर आणि रिमवर मिळून एक पांढरी रेघ ऑइलपेंटनं मारली. रेघ तुटून दोन्ही टोकं सरकलेली दिसली की समजायचं टायर फिरतोय, हवा वाढवायची. चाळीस रुपयांचा रंग. ही युक्ती सगळ्यात आधी करा.

७ जुलै

ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाणी दीड फूट. इंजिन फडफडून बंद. पेट्रोल इंजिनच्या डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) पाणी चालत नाही, आणि रेडिएटरचा पंखा पाणी कापून नेमकं त्याच्यावरच उडवत होता. पंख्याला डॅशवर वेगळं स्विच दिलं, पाण्यात शिरताना बंद. डिस्ट्रिब्युटरवर सायकलची ट्यूब चढवून दोन्ही टोकांना क्लॅम्प, खालून एक बारीक भोक, नाहीतर आत घाम धरतो. प्लगच्या टोप्यांत ग्रीस. त्यानंतर तक्रार नाही.

घरी येऊन मागच्या डिफरन्सचं ऑइल बघितलं तर चहासारखं दुधाळ. गरम डिफरन्स गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा खेळायच्या भोकातून) पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर काढून तिथं नळी बसवली आणि सीटच्या पाठीमागं उंच नेऊन उलटी बांधली. तिन्ही ठिकाणी, म्हणजे दोन डिफरन्स आणि ट्रान्सफर. ऑइल दोनदा बदललं, एकदा नुसतं धुवायला.

पुढच्या गोळ्यांची गळती मात्र थांबेना. नवीन सील टाकले, पण गोळ्यावरच गंजाचे खड्डे आहेत, सील त्यावर काय धरणार. सध्या ऑइलच्या जागी पातळ ग्रीस भरलंय.

१४ जुलै

आजचा दिवस वाईट.

गाडी आत दोनशे मीटरपर्यंत नीट गेली होती. सहा भारे टाकले, परत फिरलो. पानकणसाच्या पट्ट्यात चाकं फिरायला लागली. इथं उतरून हवा तपासायची, भारे उतरवायचे. मी ते केलं नाही. ओम्नीचा डबा एक नंबरला, जीपचा डबा एक नंबरला, ट्रान्सफर लोला, आणि पाय दाबला. गाडी थरथरली, डावं मागचं चाक खाली कशात तरी अडकलं (बहुतेक जुन्या बाभळीचं मूळ), आणि बंदुकीसारखा आवाज आला. डावा एक्सल तुटला.

हिशेब रात्री केला, नेहमीसारखा उशिरा. ओम्नीच्या इंजिनचा पिळाचा जोर सहा किलोग्रॅम-मीटर. तो ओम्नीच्या एक नंबरमधून सुमारे साडेतीनपट, जीपच्या एक नंबरमधून २.८ पट, ट्रान्सफरमधून अडीचपट. शाफ्टवर एकशेचाळीसच्या पुढं. त्या जुन्या जीपचं स्वतःचं इंजिन आपल्या एक नंबरला, ट्रान्सफर लोला असताना, शंभरच्या आसपास देत होतं. त्यात डिफरन्स मी वेल्ड केलेला, म्हणजे अडकलेल्या एका चाकावर सगळा भार एकाच एक्सलला. इंजिन लहान म्हणून काही तुटणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बांधाच्या आत यायला तयार नव्हता, आणि बरोबरच होतं त्याचं. पाऊस सुरू. गाडी तिथंच सोडली. आई वहिनीला म्हणाली, "चला, आपले भारे आपण नेऊ." मला त्यातला एक घ्यावा लागला.

१५-१६ जुलै

रजा टाकली. गाडी तीन बोटं आणखी खाली गेली होती.

आधी पाचट घातलं. बारा पेंढ्या. चाकानं गिळल्या आणि मागून चिखलाबरोबर फेकल्या, वहिनीच्या अंगावर. मग पहारी ठोकून त्याला साखळी आणि चेन पुली. दोन पहारी उपटून आल्या. तीन पहारी एकामागं एक ठोकून, पहिलीचा माथा दुसरीच्या पायथ्याला आणि दुसरीचा तिसरीच्या पायथ्याला आवळून बांधला तेव्हा धरलं. ताणलेल्या साखळीवर ओलं पोतं टाकलं होतं आणि कुणालाही जवळ उभं राहू दिलं नाही. तुटलेल्या साखळीचं टोक कुठं जाईल सांगता येत नाही. एवढं करून गाडी अर्धा फूट हलली.

काम केलं ओंडक्यानं. बाभळीचा सहा फुटी ओंडका, मांडीएवढा जाड. दोन्ही पुढच्या चाकांच्या समोर आडवा ठेवून प्रत्येक चाकाला साखळीनं बांधला. पुढचा डिफरन्स चालू होता, दोन्ही चाकं मिळून फिरवली की ओंडका चाकाखाली ओढला जातो आणि गाडी त्याच्यावर चढते. पाऊण फेरी झाली की थांबायचं, सोडायचा, परत पुढं बांधायचा. पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या टपावर असाच ओंडका बांधलेला असायचा. पहिल्यांदा मी वेळेवर थांबलो नाही, ओंडका वर आला आणि पुढचा मडगार्ड चेपून गेला. आता मडगार्डच काढून टाकलेत.

दोनशे मीटरला सात तास.

२८ जुलै

एक्सल २,८०० ला मिळाला, बसवला. वेल्ड केलेला डिफरन्स मोकळा होत नाही, तो तसाच. त्याबदली जीपच्या डब्याच्या एक नंबरला पत्र्याची पट्टी लावून तो गिअर पडणारच नाही असं केलं. जीपचा दोन नंबर आणि ओम्नीचा एक नंबर, तीन हजार फेऱ्यांवर ताशी आठ किलोमीटर. पुरे. ढकलायचा जोर कमी झाला, पण चिखलात चाक त्याआधीच घसरतं, त्यामुळं कमी झालेलं कळतही नाही.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये नेपल्स गावात अशा गाड्यांच्या शर्यती १९४९ पासून होतात. तिथल्या दलदलीत शिकारीला जायला लोकांनी घरीच गाड्या बनवल्या, आणि मग शर्यती लागल्या. आता त्या शर्यतीच्या गाड्या मोठ्या इंजिनच्या, पाणी फाडत जाणाऱ्या. त्यांचे व्हिडिओ बघून मी मार्चमध्ये ताकदीच्या मागं लागलो होतो. पण त्यांना गवताचं मूळ सांभाळायचं नाही, मला आहे.

११ ऑगस्ट

सलग नऊ दिवस गाडी रोज एक खेप करते. दहा भारे, एकदाही रुतली नाही. याचं कारण गाडीत कमी आणि वाटेत जास्त आहे.

पॅरा गवताच्या मुळ्यांचं जाळं म्हणजे सायीसारखं. त्याच्यावरून पहिल्यांदा गेलं तर ते दबतं आणि परत वर येतं. दुसऱ्यांदा त्याच मागावरून गेलं तर पाणी वर दिसतं. तिसऱ्यांदा फाटतं, आणि खाली तळ नाही. मी आधी मुद्दाम जुन्या चाकोरीतूनच जात होतो, ट्रॅक्टरची सवय. मुरमाचा तळ असेल तिथं ते बरोबर, इथं उलटं. आता रोज दोन हात बाजूनं जातो. काठाला वेळूच्या काठ्या रोवल्यात, आजची वाट कुठली ते त्यावरून. आठवड्यानं पहिल्या वाटेवर परत येतो तोवर गवतानं धरलेलं असतं. वळायचं पण मोठ्या गोलात, कारण वेल्ड केलेला डिफरन्स जागेवर वळवला की आतलं चाक साय खरवडतं.

ब्रेकचं सांगायचं राहिलं. ड्रममध्ये चिखल जातोच. रोज पाण्यानं धुतो तरी दर पंधरा दिवसांनी उघडावे लागतात. बांधावरून उतरताना ब्रेकवर विसंबायचं नाही, गिअरमध्ये उतरायचं.

१८ ऑगस्ट

खर्च, कारण पहिला प्रश्न तोच असतो. जीप ३८,०००. इंजिन आणि डबा १४,०००. टायर १४,०००. डिस्क ६,०००. लेथ ७,२००. लोखंड आणि रॉड ११,५००, भंगारात आलेले वजा करून. एक्सल २,८००. सील, बेअरिंग, ऑइल, ग्रीस ६,४००. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला डिझेल १,५००. किरकोळ ३,९००. एकूण १,०५,३००. माझी मजुरी धरलेली नाही, धरली तर आई म्हणते तेवढ्यात पाच वर्षं गडी ठेवला असता.

राहिलेली कामं : पुढचे गोळे लेथवर घासून नवीन सील, आणि मागं भाऱ्यांसाठी कठडा. कठड्याचं माप आईनं स्वतः कोयत्यानं जमिनीवर आखून दिलंय. मी म्हटलं एवढा उंच कशाला, वजन वाढतंय. ती म्हणाली, "मला धरायला. मी काय भाऱ्यावर बसून येऊ?" तिचं वजन ५२ किलो. म्हणजे दोन भारे कमी.